तिळगूळ हातात द्यायचा, बाकी सगळं बोर्डवर

"ताई, नमस्कार. लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत आहे आणि पुढच्याच शनिवारी घरी हळदीकुंकू. तीसेक बायका येतील आणि पाच-सहा लहान मुलं, कारण त्याच दिवशी पुतण्याचं बोरनहाणही आहे. मला रील्समध्ये दिसतो तसा रंगीबेरंगी ग्रेझिंग बोर्ड करायचाय, म्हणजे सगळं खाणं एकत्र मांडायचं आणि ज्याने त्याने आपापलं घ्यायचं. एका केटररला विचारलं तर माणशी साडेसहाशे म्हणाला, त्यात ब्लूबेरी, किवी, ड्रॅगनफ्रूट, तीन प्रकारचं चीझ. सासूबाई म्हणतात, हळदीकुंकवाला असं उघड्यावर मांडून 'घ्या आपापलं' बरं दिसत नाही, बायकांच्या हातात डिश द्यावी. आमचा हॉल बारा बाय पंधराचा आहे. घरच्या घरी जमेल का? आणि सासूबाईंना कसं पटवू?"
– एक वाचक, पुणे

अगं, आधी सासूबाईंचं बोलू, कारण अर्ध्या गोष्टीत त्या बरोबर आहेत आणि ती अर्धी गोष्ट सांभाळली की बाकीचं सगळं तुला तुझ्या मनासारखं करता येईल.

हळदीकुंकवात काही गोष्टी हातानेच द्यायच्या असतात. हळदकुंकू आपण लावतो, तिळगूळ समोरच्या बाईच्या हातावर ठेवतो आणि तोंडाने म्हणतो तिळगूळ घ्या गोड बोला, ओटी पदरात घालतो, वाण हातात देतो. हे टेबलावर मांडून ठेवलं आणि बायकांनी येताजाता उचललं तर मग त्याला हळदीकुंकू कशाला म्हणायचं, नुसती पार्टी म्हणूया. म्हणून माझं स्पष्ट मत, तिळगूळ बोर्डवर ठेवूच नकोस, शोभेला म्हणून एक वडीसुद्धा नको. दाराजवळ एक खुर्ची आणि एक छोटं स्टूल, त्यावर तबक, त्यात हळदकुंकवाची कुयरी, अत्तर, गुलाबदाणी, तिळगूळ, बाजूला वाणाची टोपली, आणि तिथे तू आणि सासूबाई दोघी. येणाऱ्या प्रत्येक बाईचा मान तिथे झाला. तो झाल्यावर तिने टेबलाकडे जाऊन काय खायचं आणि किती खायचं ते तिचं तिने ठरवावं, त्यात मान कमी होण्यासारखं काही नाही.

आणि डिशचं म्हणशील तर सासूबाईंना एवढंच विचार की मागच्या वर्षी डिशमध्ये किती उरलं होतं. संक्रांत ते रथसप्तमी हा असा काळ असतो की एकेक बाई एका संध्याकाळी तीन तीन घरी जाऊन येते. पहिल्या घरी सामोसा खाल्ला, दुसऱ्या घरी ढोकळा, तिसऱ्या घरी आपण हातात भरलेली डिश दिली की ती बिचारी संकोचाने वेफर्स खाते आणि लाडू पर्समधल्या रुमालात बांधते, बाकीचं जातं कचऱ्यात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मला त्या भरलेल्या डिशा बघूनच वाईट वाटतं. ज्या बाईला दोनच संत्र्याच्या फोडी आणि एक वडी हवीय तिला तेवढंच घेता यावं. अन्न वाया जाणार नाही म्हटलं की कुठल्याही सासूबाई ऐकून घेतात, माझ्या तर नक्कीच ऐकून घ्यायच्या.

आता तुझ्या बोर्डकडे येऊ. केटररला नाही म्हणून टाक. साडेसहाशे गुणिले तीस म्हणजे साडेएकोणीस हजार, आणि एवढे देऊन तुझ्या टेबलावर काय येणार तर जुलैमध्येही मिळतात आणि डिसेंबरमध्येही मिळतात अशी फळं. तुला रंग हवेत ना, मग संक्रांतीचं सुगड आठव. ती काळी मातीची बोळकी, त्यात आपण काय काय घालतो, उसाचे करवे, बोरं, लाल गाजर, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, पावट्याच्या शेंगा, गव्हाच्या ओंब्या, तीळ. काळं, हिरवं, लाल, पिवळं, पांढरं सगळं त्या एका मुठीएवढ्या भांड्यात असतं आणि बहुतेक सगळं त्याच हंगामात शेतातून आलेलं असतं. आपल्याकडचा सणाचा बोर्ड तो आधीपासून आहे, तू तोच उलगडून टेबलावर मांड. वर्षातला सगळ्यात रंगीत बाजार जानेवारीतच भरतो गं, मंडईत सकाळी आठला एक चक्कर मार म्हणजे मी काय म्हणतेय ते दिसेल. दिल्ली गाजरांचे लाल ढीग, शेजारी मटार, महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचे डबे, संत्री, नाशिककडची पहिली पहिली द्राक्षं, हिरव्या पातीसकट कांदे, ओली हळद, आवळे. किवी कशाला हवीय.

आता खरी मेख. बोर्ड बिघडतो तो मांडणीमुळे नाही, ओल्यामुळे बिघडतो. फोटोत सगळं एकमेकांना चिकटून ठेवलेलं दिसतं पण तो फोटो पहिल्या पाच मिनिटांतला असतो, आपल्याकडे बायका पाच ते आठ येत राहणार. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सोललेल्या संत्र्याच्या शेजारी काटेरी हलवा पसरला होता, पांढऱ्याशेजारी केशरी इतकं सुंदर दिसत होतं, आणि तासाभरात हलव्याचा चिकट गोळा झाला आणि खालची शेवही गेली. साखर आणि गूळ हवेतलं पाणी ओढतात, मग शेजारी चिरलेलं फळ असेल तर विचारूच नको. तेव्हापासून मी टेबलाचे सरळ दोन भाग करते, एक ओला आणि एक सुका, मध्ये वाट्यांची रांग. ओल्या बाजूला चिरलेली फळं, काकडी, गाजर, पनीर, सुरळीच्या वड्या. सुक्या बाजूला कडक भाकरी, गुळपोळी, भाजलेल्या शेंगा, हलवा, करवे, बोरं. करवे ओलसर असतात खरे पण ते त्यांच्या वाटीत राहू देत. मध्ये चटण्या आणि दह्याचे प्रकार, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो.

पाया कशाचा करायचा हा प्रश्न तुझ्या पत्रात नाहीये पण येईलच. महागडा लाकडी बोर्ड विकत आणू नकोस, तीस जणींना तो पुरणारही नाही. डायनिंग टेबल रिकामं कर, पुसून घे, त्यावर केळीची पानं. पानं आदल्या दिवशी आणलीस तरी चालतात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. मांडायच्या आधी दोन्ही बाजूंनी धुऊन पुसायची आणि मग गॅसच्या मंद आचेवरून एकेक पान पटकन फिरवायचं, डोळ्यासमोर त्याचा रंग गडद होतो, वर तुकतुकी येते आणि पान कापडासारखं मऊ पडतं, मग टेबलाच्या कडेवरून वाकवलं तरी फाटत नाही. हे न करता ठेवलेलं पान मधल्या शिरेवर तडकतं आणि खालून पाणी टेबलावर येतं. मधली शीर फार जाड असेल तर मागच्या बाजूने सुरीने थोडी तासून घे, वाट्या डुगडुगत नाहीत.

घरात पितळेची मोठी ताटं असतील तर काढ, फार सुंदर दिसतात, पण आत कल्हई आहे का बघ. कल्हई नसेल तर दही, लिंबू, चिंच, संत्रं थेट पितळेवर नको, आंबट लागलं की कळकतं आणि ते पोटात जाणं चांगलं नाही, पानाचा तुकडा घालून त्यावर ठेव. आणि एक, बसायचा पाट बोर्ड म्हणून वापरताना मी लोकांना पाहिलंय, दिसतो छानच, पण ज्यावर आपण बसतो त्यावर खायचं मांडायचं नाही, इथे सासूबाई रागावल्या तर मी त्यांच्याच बाजूने. पोळपाट मात्र चालेल, उलटी वाटी खाली ठेवून पोळपाटाने थोडी उंची आण, सगळंच सपाट असलं की डोळा कुठे थांबत नाही. आणि सुगडं आणशील तेव्हा पूजेव्यतिरिक्त चार जास्तीची आण, धुऊन उन्हात वाळव आणि त्यात बोरं, शेंगा, हलवा असं फक्त सुकं भर. काळ्या सुगडातून वर डोकावणारा पांढरा हलवा, बस, आणखी सजावट लागत नाही.

फुलं खाण्यात खोचू नकोस. बाजारातल्या शेवंती-झेंडूवर फवारणी असते. त्याऐवजी गव्हाच्या ओंब्या, धुतलेले हरभऱ्याचे डहाळे, कढीपत्त्याची टोकं, पुदिना. हरभऱ्याचा पाला मात्र दोन-तीन पाण्यांतून काढ, त्यावर आंब, म्हणजे आंबट ओल, असते आणि धूळही खूप बसते.

काय काय करायचं हे मी माझ्या आवडीने सांगते, तू बदल कर. तिखटात दोनच पदार्थ घरी कर, कोथिंबीर वडी आणि सुरळीची वडी. कोथिंबीर वडीचे उंडे शुक्रवारी रात्री उकडून फ्रीजमध्ये टाक, शनिवारी कापून बायका येतील तसतशा थोड्या थोड्या तळायच्या, एकदम तळून ढीग नको. सुरळीच्या वड्या दुपारी तीनला गुंडाळून झाकून ठेव, वरची खोबरं-कोथिंबीर-फोडणी मात्र टेबलावर ठेवायच्या आधीच, कारण ओलं खोबरं फार वेळ बाहेर टिकत नाही. वड्या एका घासाच्या हव्यात, दोन बोटांत धरून तोंडात जाईल एवढ्याच. बायका काठपदराच्या साड्यांत येणार, काळ्या चंद्रकळा नेसून येणार, कुणाच्या निऱ्यांवर हिरवी चटणी सांडली तर तिची संध्याकाळ गेली, म्हणून जे टपकतं ते बोर्डवर नकोच. पाणीपुरी, दहीवडा, रसातलं काही नको, आणि चटणी सगळी घट्ट.

घट्ट म्हटल्यावर चक्का. एक किलो दही शुक्रवारी रात्री फडक्यात बांधून फ्रीजमध्येच चाळणीवर ठेव, खाली पातेलं. सकाळी साधारण निम्मा चक्का मिळतो. त्याचे दोन भाग कर. एकात उकडून किसलेलं आणि हाताने पिळलेलं छोटं बीट, मीठ, जिऱ्याची पूड, वरून हिंग-मोहरीची फोडणी गार करून. असा काही गुलाबी रंग येतो की बाकीचं सगळं त्याच्या भोवती मांडावंसं वाटतं. बीट पिळायला विसरू नकोस नाहीतर कडेने लाल पाणी सुटतं आणि शेजारच्या पनीरला डाग पडतात. दुसऱ्या भागात मटाराचं वाटण. मटार झाकण न ठेवता उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, म्हणजे हिरवे ते हिरवेच राहतात, मग मिरची, आलं, कोथिंबीर, लिंबू घालून वाटून चक्क्यात. लसूण घालायची की नाही ते घरात विचार, बऱ्याच घरी सणाला कांदा-लसूण नको असतो आणि येणाऱ्यांतही कुणी न खाणारं असतंच, मी तर या दिवशी सगळंच बिनलसणाचं करते म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही. पिवळ्यासाठी ओल्या हळदीचं लोणचं, पातळ काचऱ्या, आलं, लिंबू, मीठ, चार दिवस आधी करून ठेव. याला चमचा हवाच, बोटं आणि पदर दोन्ही पिवळे होतात.

क्रॅकर्सच्या जागी सोलापूरची कडक भाकरी. पुण्यात पाकिटात मिळते, ज्वारीची आणि बाजरीची दोन्ही, बाजरीची तीळ लावलेली मिळाली तर तीच घे, भोगीची आठवण आणि काळपट रंग दोन्ही मिळतात. हाताने तोडायची, सुरीने नाही, वेडेवाकडे तुकडे चांगले दिसतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, तीही सोलापुरी, तेल लागलेली असते त्यामुळे उडत नाही. कडक भाकरीवर बिटाचा चक्का आणि वर ओल्या हळदीची एक काचरी, हे एकदा खाऊन बघ, मग परदेशी चीझची आठवण येणार नाही. चीझ हवंच असेल तर एकच ठेव, नेहमीचं क्यूबवालं तिरकं कापून, मुलं खातील. चीझ कापून ठेवलं की तासाभरात कडा वाळून पिवळ्या पडतात म्हणून थोडंथोडं कापायचं. मी त्याऐवजी पनीरचे तुकडे मिरपूड-मीठ लावून भाजलेल्या पांढऱ्या-काळ्या तिळात घोळवते, सणाला शोभतं.

गोडात गुळपोळी. पोळी तव्यावरून उतरली की लगेच, गरम असतानाच पिझ्झा कटरने चार भाग करायचे, गार झाल्यावर कापायला गेलीस तर चुरा होतो. आठ पोळ्या केल्यास बत्तीस तुकडे, पुरे. आधीच्या दोन-तीन दिवसांत करून डब्यात ठेवता येतात. तुपाची वाटी शेजारी. दुसरं गोड नको, तिळगूळ हातात मिळालेला आहेच.

हुरड्याचा मोह होईल, मलाही दरवर्षी होतो, पण हुरडा गरम राखेतून काढल्या काढल्या खायचा, टेबलावर गार झाला की चिवट होतो. त्यासाठी शेतावरच जायला हवं.

आता फळं. संत्री दोन किलो आण, साधारण बारा-तेरा येतात, एकेकात दहाच्या आसपास फोडी म्हणजे सव्वाशे फोडी झाल्या. सोलून फोडी सुट्या करायच्या, वरचे दोरे काढायचे, पाकळ्या फोडायच्या नाहीत, न फोडलेल्या फोडीला पाणी सुटत नाही. स्ट्रॉबेरीचे तीन डबे, देठ काढायच्या आधी धुवायच्या, देठ काढून धुतल्या तर पाणी आत शिरतं आणि पचपचीत होतात. मग फडक्यावर कोरड्या करून देठासकट उभ्या दोन फोडी. सफरचंद मी टाळते, काळं पडतं, आणि जानेवारीत पेरू इतका छान असतो, लांब फोडी, तिखट-मीठ वेगळ्या वाटीत, आधीच लावून ठेवलंस तर पाणी सुटेल. द्राक्षांचे कात्रीने छोटे छोटे घोस कर, एकेक मणी ओढायला गेलं की सगळा घोस लोळतो. डाळिंबाचे दाणे वाटीत आणि चमचा. केळं, चिकू, पपई नको, मऊ पडतात.

प्रमाणाची भीती काढून टाक. ज्या बायका तीन घरी जाऊन येतायत त्या तुझ्याकडे सहा-सात घासांपलीकडे खात नाहीत. तीस जणींना पन्नास कोथिंबीर वड्या, पन्नास सुरळ्या, तीसेक पनीरचे तुकडे, गाजर एक किलो, काकडी एक किलो, पेरू दीड किलो, द्राक्षं एक किलो, बोरं अर्धा किलो, भाजलेल्या शेंगा अर्धा किलो, करवे सोललेले अर्धा किलो, कडक भाकऱ्या बारा-पंधरा. हे सगळं मिळून केटररच्या आकड्याच्या पाव रकमेतही व्हावं. बोरांच्या बिया आणि करव्यांचा चोथा टाकायला दोन झाकणाच्या वाट्या ठेव, नाहीतर लोक केळीच्या पानावरच ठेवतात आणि पुढच्या बाईला ते बघून नकोसं होतं. प्लेट्सऐवजी पळसाचे द्रोण दे, मुठीत बसतात, दुसरा हात वाणाला आणि पर्सला मोकळा.

मांडायचा क्रम असा ठेव की आधी वाट्या आणि सुगडं, रिकामीच, हलवून हलवून जागा ठरव. मग मोठ्या गोष्टी, भाकरीचे तुकडे, गाजर-काकडी उभी ग्लासात, द्राक्षांचे घोस. मग वड्या ओळीने, थोड्या वळणाने. शेवटी मोकळ्या जागा शेंगांनी आणि डहाळ्यांनी भर. दोन लाल गोष्टी शेजारी शेजारी नकोत, स्ट्रॉबेरी आणि गाजर टेबलाच्या दोन टोकांना. आणि मध्ये पांढरं असू दे, मुळ्याच्या चकत्या, पनीर, हलवा, पांढऱ्याशिवाय रंग उठत नाहीत.

पण एकदम सगळं मांडू नकोस, हे फार महत्त्वाचं. पाच वाजता पंधरा जणींपुरतं मांड. साडेसहाला, तोपर्यंत पहिली लाट ओसरलेली असते, टेबल पुसून दुसऱ्यांदा मांड. दह्याचं, पनीरचं, ओल्या खोबऱ्याचं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि जुन्या वाटीत नवीन भर घालायची नाही, वाटीच बदलायची. म्हणजे साडेसातला येणाऱ्या बाईलाही पाचला आलेल्या बाईसारखंच ताजं टेबल मिळतं. उशिरा येणारीच्या वाट्याला उरलंसुरलं आलं की मला फार लागतं, बहुतेक वेळा ती ऑफिसातून धावत आलेली असते.

हे दुसऱ्यांदा मांडणं तू करायचं नाहीयेस. तुझी पहिली संक्रांत, अंगावर हलव्याचे दागिने असणार, ते घालून कढईसमोर उभी राहिलीस तर वाफेने आणि घामाने साखर चिकटायला लागते, साडीला डाग पडतात, नथ-बिंदी सांभाळत वड्या तळणं शक्य नाही. आत्ताच दोन माणसं ठरव, एक तळायला आणि एक टेबलाला. तळायला नवरा असेल तर उत्तम, दिराला टेबल दे. त्यांना मोबाइलवर मांडलेल्या टेबलाचा फोटो काढून ठेव, दुसऱ्यांदा तसंच मांडता येतं.

बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये टेबल भिंतीला चिकटवू नकोस, दोन फूट पुढे ओढ म्हणजे दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल. दारातलं हळदीकुंकू आणि टेबल यांच्यात खोलीभर अंतर हवं, नाहीतर सगळी गर्दी दारातच. गुलाबदाणीचे शिंतोडे आणि कुंकू खाण्यापासून लांब राहतं हा दुसरा फायदा. रांगोळी टेबलावर नको, पंख्याने उडते, दाराबाहेर काढ.

बोरनहाण मात्र आधी उरकून घे, साडेतीन-चारला, आतल्या खोलीत, चादर अंथरून. डोक्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे, हलवा, करवे चादरीसकट गोळा करता येतात. हॉलमध्ये केलंस तर नंतर येणाऱ्या बायकांच्या पायाखाली बोर येऊन कुणीतरी घसरेल. आणि इथे जरा कडक बोलते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, हलव्याचे दाणे, बी असलेलं बोर हातात देऊ नका, घशात अडकतं. बोरनहाणाचं मूल नेमकं याच वयाचं असतं आणि सगळी मुलं लुटीच्या नादात भराभर तोंडात टाकत असतात. एका मोठ्या माणसाने तिथेच बसून राहायचं, लूट पिशवीत भरायची आणि आईकडे द्यायची. लहानांसाठी वेगळं बुटकं ताट ठेव, त्यात उभी चार भाग केलेली द्राक्षं, स्ट्रॉबेरीचे छोटे तुकडे, उकडलेलं गाजर, मऊ पनीर, संत्र्याची सोललेली बिनबियांची फोड. आयांना दारातच सांग की टेबलावर तीळ आणि शेंगदाणे दोन्ही आहेत, हल्ली ॲलर्जी असलेली मुलं असतात.

प्यायला एकच, मसाला दूध छोट्या कपात. पुरे.

सासूबाईंना पटवायचं म्हणतेस तर पटवायला बसू नकोस, त्यांना बरोबर घेऊन शनिवारी सकाळी मंडईत जा. बोरं कुठली गोड, ऊस कुठला मऊ, गाजर कुठलं आतून पिवळं निघणार हे त्यांना बघून कळेल, तुला नाही. सुगडं त्यांच्या हातून भरून घे, पूजेचीही आणि टेबलावरचीही. आणि त्यांनाच विचार की शेजारपाजारच्या कुणाकुणाला आजवर या दिवशी बोलावलं गेलं नाही. नवरा गेला म्हणून ज्यांना आपण वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवलं त्यांनाही या वेळी बोलवा, तबकातला तिळगूळ त्यांच्याही हातावर ठेवा. हे बोलणं सोपं नाही, पण मंडईतून परत येताना रिक्षात होऊ शकतं.

पानं पसरण्याआधी कामवाल्या मावशींचा आणि वॉचमनकाकांचा डबा भरून बाजूला ठेव, वड्या, गुळपोळी, संत्री सगळं. रात्री आठनंतर पानावरचं उरलेलं द्यायचं नाही.

कडक भाकरी उरलीच तर रविवारी सकाळी कुस्करून कांदा, कोथिंबीर आणि तेल-तिखट घालून खा, आणि उरलेल्या गाजरांचा हलवा.